२५ रुपयांच्या पार्सलने ३८ हजार नेले

चतुर्थीच्या आधीचा आठवडा होता. पुण्याहून बहिणीने स्पीडपोस्टने साड्या पाठवल्या होत्या, त्यांची वाट पाहत होते. दुपारी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, लाकडी चौकट पुसत असताना मोबाइल वाजला. 'तुमचं पार्सल गोदामात आलं आहे. पत्ता अपुरा असल्याने पोहोचवता येत नाही. ४८ तासांत पत्ता दुरुस्त करा.' खाली लिंक.

मला ते खरंच वाटलं. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात पत्ता म्हणजे घर क्रमांक, वाडा म्हणजे वस्तीचं नाव, आणि पिन. रस्त्याला नाव नाही. नवा माणूस आला की फोन करून विचारतोच. त्यामुळे 'पत्ता अपुरा' वाचून संशय यायचा तो आलाच नाही.

लिंक उघडली. टपाल खात्यासारखंच लाल पान. नाव, पत्ता भरला, तर पुढे 'पुन्हा पाठवण्याचा खर्च २५ रुपये', आणि तेही फक्त कार्डाने. २५ रुपयांसाठी काय विचार करायचा! कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे टाकले. ओटीपी आला. स्क्रीनच्या वर पट्टीत जे सहा आकडे दिसले, ते बघून भरून टाकले.

मेसेज पूर्ण उघडला तो पाच मिनिटांनी. बँकेने त्यात सरळ लिहिलं होतं: रक्कम ३८,४०० रुपये. माझे हातपाय गार पडले. मी २५ रुपये भरतेय असं समजत होते तेव्हा पलीकडे कुणीतरी माझ्याच कार्डावर खरेदी करत होतं. त्यांचं फक्त ओटीपीसाठी अडलं होतं, तो मी दिला. म्हणून हात जोडून सांगते, ओटीपीचे आकडे टाकण्याआधी त्याच मेसेजमधली रक्कम वाचा. घाईत असाल तर दोनदा वाचा.

भाच्याने लगेच १९३० लावायला लावला. सायबर फसवणुकीसाठी हा देशभरचा क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता असते. बँकेला फोन करून कार्डही बंद केलं. पण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, माहिती आपणच दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं. माझे पैसे अजून आलेले नाहीत.

शांतपणे पाहिलं असतं तर सगळं समोरच होतं. मेसेज +६३ ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आला होता, म्हणजे परदेशातला. आपलं टपाल खातं तिथून कशाला मेसेज करेल? स्पीडपोस्टचा क्रमांक तेरा अक्षर-आकड्यांचा असतो, शेवटी 'आयएन'. या मेसेजमध्ये कुठलाच क्रमांक नव्हता. लिंकमध्ये 'इंडियापोस्ट' शब्द होता, पण सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढच्या दोन रेघा सोडल्या तर पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी 'डॉट टॉप' होतं. खऱ्या साइटचा पत्ता तिथे 'डॉट जीओव्ही डॉट इन'वर संपतो. बहिणीकडे पावती होती. तिला एक फोन केला असता तर तिने नंबर वाचून दाखवला असता, आणि तो मी टपाल खात्याच्या साइटवर स्वतः टाकून पाहिला असता.

दोन दिवसांनी आमच्या पोस्टमनने ते पार्सल आणून दिलं. पत्ता बहिणीने लिहिला होता तोच, एक अक्षरही न बदललेला. त्याने सही घेतली आणि पैसे न मागता पुढच्या घरी गेला.