गोलाईतले मिक्सरवाले चाचा : पाचवा स्टार कूलरनं खाल्ला

आधी चाचांच्या दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता सांगते, कारण अर्धे लोक तिथूनच परत फिरतात. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात हे आपल्याला शाळेपासून पाठ असतंय, पण त्यातल्या कुठल्या रस्त्यानं आत शिरायचं हे मात्र मी दरवेळी विसरते, तीनदा चुकले. भांड्यांच्या दुकानांकडून आत जायचं आणि एका बोळीच्या तोंडाशी लोखंडी कूलरचे सांगाडे एकावर एक रचलेले दिसले की थांबायचं. बोर्ड होता म्हणे कधीकाळी, आता नुसता गंजलेला पत्रा राहिलाय. कुणालाही मिक्सरवाले चाचा विचारा, हात करून दाखवतील.

मी गेले होते मिक्सर घेऊन. झालं काय की मार्चमध्ये येसूर, म्हणजे आमचा घरचा मसाला, करायला काढला, आमच्या घरी वर्षाचा येसूर एकदाच होतो आणि सासूबाईंना डंकावर द्यायचा नसतो, तिथं दुसऱ्याच्या मसाल्याचा वास लागतो म्हणतात, म्हणून सगळा घरच्या मिक्सरवर. चौथ्या घाण्याला खालून निळ्या ठिणग्या, जळका वास, आणि मिक्सर गप्प. बुडाखालचं लाल बटण दाबून बघितलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला, नाव घेत नाही, तर काउंटरवरच्या पोरानं एक स्क्रूसुद्धा न उघडता नुसता वास घेतला आणि म्हणाला मॅडम मोटार गेली, २४०० लागतील, त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या ३०० कमी करून देतो. नऊ वर्षं वापरलेली वस्तू, ७५० वॅटची, ३०० रुपये! आमचे मिस्टर तर तिथंच मोबाइल काढून नवीन बघायलेत. सासूबाई म्हणाल्या, टाकायच्या आधी एकदा चाचांना दाखव, नाहीतर मला रात्री झोप यायची नाही.

चाचांनी पण वास घेतला. पण नंतर उघडला. त्यांच्याकडं एक लाकडी फळी आहे, त्यावर जुना पिवळा शंभरचा बल्ब आणि एक सॉकेट, त्याला सिरीज बोर्ड म्हणतात. मिक्सरची पिन त्यात घातली, बल्ब लागलाच नाही. मला वाटलं झालं, गेली मोटार. ते म्हणाले, "लागला नाही म्हणजे करंट पुढं जायनाच झालाय ताई, मोटारीपर्यंत पोचला तरच मोटार जळंल ना." मग टेस्टरच्या टोकानं आतलं काहीतरी अलगद दाबलं आणि बल्ब भप्पकन लागला, वर शाफ्टपण जरासा हलला. माझ्या डोळ्यासमोर.

ते आतलं काहीतरी म्हणजे कार्बन ब्रश. ब्रश म्हणजे केसांचा नाही, दोन छोटे काळे कार्बनचे तुकडे असतात, मागं स्प्रिंग, ते मोटारीच्या आतल्या फिरणाऱ्या भागाला, आर्मेचरला, दोन्हीकडून घासत राहतात आणि त्यातनं करंट आत जातो. घासून घासून झिजणारच, झिजायसाठीच असतात. माझा काढून त्यांनी तळहातावर ठेवला तर हरभऱ्याच्या डाळीएवढा उरलेला, शेजारी नवीन ठेवला तो चांगला बोटाच्या पेराएवढा. झिजला की नीट टेकत नाही, मग ठिणग्या उडतात आणि तोच जळका वास. त्या पोरानं वास घेऊन मोटार गेली म्हणलं ते यामुळं. मुद्दाम म्हणलं का अडाणीपणानं, देव जाणे.

तेवढ्यात त्यांनी कपलर पण दाखवला, भांड्याखाली तो चक्रासारखा भाग असतो ना, त्याचे दोन दात गेलेले. मी म्हणलं एवढं महत्त्वाचं आणि प्लास्टिकचं कशाला करतात, लोखंडाचं टाका की. तर हसले. म्हणाले तो मोडायसाठीच नरम ठेवलाय, ब्लेड अडकलं तर ५० रुपयांचा कपलर तुटंल आणि मोटार वाचंल, लोखंडाचा टाकला तर उलटं होईल. हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आणि हे महत्त्वाचं, भांडंपण सोबत न्या! मी नुसता मिक्सर नेला, त्यांनी परत पाठवलं. चटणीच्या भांड्याच्या बुडातून काळं पाणी यायलं होतं ते मी वर्षभर फडक्यानं पुसून चालवून घेत होते, तो बुश, म्हणजे ब्लेडच्या दांडीभोवतीचं कडं, खराब झालेला असतो, आणि ते काळं थोडं आपल्या चटणीत पण जातंच. बुश, ब्लेड, वॉशर सगळं बदललं.

हिशोब असा: ब्रशची जोडी ८०, कपलर ५०, भांड्याचं १८०, मजुरी १५०. एकूण ४६०. जुने भाग कागदात बांधून हातात दिले, मी न मागता. येसूर करताना दीड-दोन मिनिटं फिरवा, मग हात लावून बघा, गरम लागलं तर थांबा, एवढंच सांगितलं. तेव्हापासून मिक्सर चालू आहे.

सरकारनं २०२२ च्या डिसेंबरात राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलंय, कंपन्यांनी सर्व्हिस आणि सुट्या भागांची माहिती तिथं द्यावी म्हणून. चांगलंय, मी उघडून बघितलं. पण काउंटरवरचा माणूस चार स्क्रू काढायलाच तयार नसंल तर पोर्टल काय करणार.

आता तक्रार. मिक्सरवर खूश होऊन मी मे महिन्यात कूलर नेला. जुना लोखंडी, माझ्या लग्नातला, आणि तो टाकायला माझं मन होत नाही त्याला कारण आहे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात आम्ही कूलर लावलाच नव्हता, त्याच्या टाकीत धुण्याभांड्याचं पाणी भरून वर पत्रा झाकून ठेवायचो. असो. मोटार खरंच जळली होती, यावेळी सिरीज बोर्डच्या भाषेत सुद्धा. मोटारीतल्या तारेची गुंडाळी, म्हणजे वाइंडिंग, कॉपरचं करू का अ‍ॅल्युमिनियमचं हे आधी विचारलं, दोन्हीचा भाव सांगितला, मी कॉपर म्हणलं, ८५०. इथपर्यंत ठीक. पण परवा देतो म्हणाले आणि लागले नऊ दिवस! लातूरचा मे, घरात सासूबाई, पोरीची परीक्षा, आणि रोज फोन केला की "उद्या या ताई." एक दिवस गेले तर शुक्रवार, दुपारी नमाजला दुकान बंद, ते मीच विसरले होते, पण बाकीच्या आठ दिवसांचं काय.

त्यात पंप. नवीन पंप टाकला २२० चा, तीन आठवड्यांत बंद. परत नेला तर उघडून दाखवलं, आतल्या पंख्यावर पांढरा थर, आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार. म्हणाले पंपाला काय झालं नाही, रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकून ठेवा आणि जुन्या दातांच्या ब्रशनं घासा. केलं, चालू झाला. मग मी जुना पंप, जो मोडका म्हणून बाजूला काढला होता, तोपण तसाच भिजवला. तोपण चालू झाला!! म्हणजे २२० रुपये उगंच गेले. हे मी त्यांना तोंडावर म्हणलं. ते म्हणाले सीझनला दिवसाला चाळीस कूलर येतात, पंप धूत बसायला टाइम कुठाय. खरं बोलले, पण स्टार तिथंच कापला.

बिल देत नाहीत. ग्यारंटी लिहून मागितली तर "मी हाय ना" म्हणतात. स्कॅनर आहे. बसायला एक स्टूल, त्यावर पण बहुतेक कुणाचा तरी टेबल फॅन बसलेला असतो.

पाणी तापवायचा रॉड मात्र त्यांनी दुरुस्त करायला साफ नकार दिला. वरची नळी तडकली होती, मी म्हणलं एमसील लावून द्या की. तर माझ्यासमोर वायर कापून टाकली, परत कुणी वापरू नये म्हणून, आणि पैसे घेतले नाहीत. "पाण्यातली वस्तू हाय, अडीचशे रुपयासाठी कुणाचा जीव घालवता."

तर मिक्सर, इस्त्री, पंखा बिनधास्त न्या. कूलर न्यायचा असंल तर फेब्रुवारीतच न्या. मी यंदा १० फेब्रुवारीला नेला, म्हणलं आपला पहिला नंबर, तर बोळीत माझ्याआधी अकरा कूलर.