ॲलन माउस ब्रेन ॲटलास: काप ओळखण्यासाठी उत्तम, सुई टोचण्यासाठी नव्हे

विद्यापीठाच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) म्हणून काम करणाऱ्याच्या संगणकावर जी दोन-तीन पाने दिवसभर उघडी असतात, त्यांत ॲलन माउस ब्रेन ॲटलास हमखास असतो. उंदराच्या मेंदूचा हा नकाशा ब्रेन-मॅप डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो आणि गेली चार वर्षे मी तो जवळजवळ रोज वापरत आहे. नवा विद्यार्थी आला की पहिल्याच आठवड्यात विचारतो, हा असताना कपाटातला तो जाडजूड छापील ॲटलास कशाला जपून ठेवला आहे? प्रश्न रास्त आहे आणि मीही एकेकाळी तो विचारला होता.

मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी २००३ मध्ये १० कोटी डॉलर देऊन सिअॅटल येथे ॲलन इन्स्टिट्यूट फॉर ब्रेन सायन्स ही संस्था उभी केली. तिचे पहिले मोठे काम म्हणजे हा ॲटलास; तो २००६ मध्ये पूर्ण झाला. सी५७बीएल/६जे या वाणाच्या ५६ दिवसांच्या नर उंदरांचे मेंदू २५ मायक्रॉन जाडीच्या कापांत कापून, सुमारे २०,००० जनुकांपैकी प्रत्येक जनुक कोठे व्यक्त होते, म्हणजे कोठे कार्यरत असते, याची छायाचित्रे त्यात ठेवलेली आहेत. जनुकाचे नाव लिहावे, चित्र उघडावे आणि निळसर-जांभळे ठिपके कोणत्या भागात दाट आहेत ते पाहावे, इतके ते सोपे आहे. महागडी अँटिबॉडी मागवण्यापूर्वी किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेकडून जनुकबदल केलेले उंदीर आणण्याचा पत्रव्यवहार सुरू करण्यापूर्वी मी नेहमी येथे डोकावतो, आणि त्या पाच मिनिटांनी माझे काही महिने निश्चितच वाचवले आहेत. पुण्यातील विद्यार्थ्याला आणि अमेरिकेतील पोस्टडॉकला नेमके तेच चित्र, तितक्याच बारकाव्यासह, एक पैसाही न देता दिसते, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे मोल कोणी बोलून दाखवत नाही. मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. चित्र कोरे दिसले म्हणजे ते जनुक तेथे नाहीच, असे मानू नये. रंग चढवण्याची ही पद्धत प्रत्येक जनुकासाठी सारखी चालत नाही आणि कमी प्रमाणात असलेला आरएनए (कार्यरत जनुकाची पेशीतील प्रत) तिच्यातून निसटू शकतो. शिवाय सर्व नमुने नरांचे असल्यामुळे माद्यांवर प्रयोग करणाऱ्याने ही मर्यादा ध्यानात ठेवलेली बरी.

मला सर्वाधिक उपयोग होतो तो त्याच संस्थेने तयार केलेल्या त्रिमितीय संदर्भ-नकाशाचा. त्याची तिसरी आवृत्ती १,६७५ उंदरांच्या मेंदूंची सरासरी काढून बनवलेली असून तिच्यातील सर्वांत लहान घन १० मायक्रॉनचा आहे. मेंदूच्या बाह्यावरणाचे ४३ भाग आणि त्याखालील ३२९ केंद्रे तिच्यात सीमारेषांसह आखलेली आहेत. प्रयोगानंतर मेंदू कापून, काचेवर चढवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर एखादी पेशी हिरवी चमकते, पण ती अमिग्डालाच्या (भीतीसारख्या भावनांशी संबंधित भागाच्या) आत आहे की शेजारच्या पट्ट्यात, यावर पूर्वी दोन संशोधक अर्धा तास वाद घालीत असत. आता क्विकएनआयआयसारख्या विनामूल्य साधनाने काप या नकाशावर बसवता येतो, तिरका कापला गेला असेल तर कोनही जुळवता येतो, आणि वाद पुष्कळसा मिटतो. (पूर्णपणे मिटत नाही, कारण आमच्या प्रयोगशाळेत वाद हा चहाइतकाच आवश्यक मानला जातो.) बाह्यावरण हिरव्या छटांत, अनुमस्तिष्क पिवळ्या रंगात, ही रंगयोजना काही आठवड्यांत डोळ्यांत इतकी भिनते की नाव न वाचताच भाग ओळखू येतो.

अडचण निर्माण होते ती जिवंत उंदराच्या मेंदूत सुई उतरवताना. शस्त्रक्रियेत आपण कवटीवरील ब्रेग्मा नावाच्या बिंदूपासून, म्हणजे जेथे हाडांचे आडवे व उभे सांधे एकमेकांस मिळतात तेथून, पुढे-मागे, बाजूला आणि खोल असे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतो. ॲलनचा त्रिमितीय नकाशा मात्र कवटीतून बाहेर काढलेल्या मेंदूंवरून तयार झालेला आहे. त्यात कवटी नाही, त्यामुळे ब्रेग्माही नाही. शिवाय कवटीत मेंदू ज्या कोनात बसलेला असतो तोच कोन या नकाशात असेलच असे नाही. पहिल्या वर्षी मी उतावीळपणे याच नकाशावरून अंतरे काढली आणि विषाणूचे इंजेक्शन ठरवलेल्या केंद्राच्या बरेच वर जाऊन पडले. तीन उंदीर वाया गेले. चूक सर्वस्वी माझी होती, कारण नकाशाने ते अंतर देण्याचे वचन कधीच दिलेले नव्हते. तेव्हापासून अंतरे मी पॅक्सिनोस आणि फ्रँकलिन यांच्या छापील ॲटलासमधून घेतो आणि दोन उंदरांवर रंग टोचून तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

दोन ॲटलास एकत्र वापरताना नावांचा घोळ होतो, तो वेगळाच. हालचालींशी संबंधित ज्या भागाला छापील पुस्तकात ‘एम१’ म्हणतात त्याला येथे ‘एमओपी’ म्हणतात, आणि दृष्टीचा ‘व्ही१’ येथे ‘व्हीआयएसपी’ होतो. नावापेक्षा सीमारेषा अधिक त्रास देतात, कारण काही ठिकाणी त्या जुळतच नाहीत. म्हणून शोधनिबंधात कोणता ॲटलास वापरला हे न लिहिणाऱ्यांवर माझा रोष आहे.

ॲलनच्या त्रिमितीय नकाशातही सीमारेषांच्या २०१५, २०१६ आणि २०१७ अशा आवृत्त्या निघाल्या आहेत, आणि जुनी फाइल संगणकावर पडून राहिली तर पेशींची मोजणी एका भागातून दुसऱ्या भागात सरकू शकते. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून नकाशा उतरवून घेणाऱ्याने फाइलच्या नावातील वर्ष आधी पाहावे आणि निबंधाच्या पद्धती-विभागात तेच वर्ष नोंदवावे.