सेल्फ मोटर जळली नव्हती, अर्थची वायर कुजली होती

म्हापशात मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्या एका पायलटला जुन्या पल्सरसाठी साडेपाच हजारांचं बिल लावलं गेलं. नवी सेल्फ मोटर (बटण दाबल्यावर इंजिन फिरवून सुरू करणारी), नवा रिले (बटणाच्या इशाऱ्यावर तिला बॅटरीची वीज जोडणारा स्विच), नवी बॅटरी आणि मजुरी. तक्रार एवढीच होती की बटण दाबलं की रिले नुसता टिक करायचा आणि इंजिन ढिम्म. जुनी मोटर परत मिळाली नाही, ‘भंगारात टाकली’ म्हणून सांगितलं. पाऊस धरला तसा सेल्फ पुन्हा बसला. खरा दोष होता इंजिनवर बोल्टने आवळलेल्या अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणाऱ्या वायरीत: वरून रबरी नळी शाबूत, आत तांब्याचे धागे काळे पडलेले. नव्या बॅटरीच्या जोरावर तो दोष काही काळ झाकला गेला होता. एक नवं लग (वायरीच्या टोकाची बोल्टात बसणारी धातूची कडी) आणि थोडा पॉलिश पेपर, एवढ्यात काम झालं.

हा प्रकार एकाच गॅरेजात घडतो असं नाही. किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत मोरजीपासून कोलव्यापर्यंत खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून आधी जोड खातात, मोटर त्या मानाने उशिरा जाते. पायलटच्या गाडीचं आणखी एक दुखणं असतं. बसस्टँड ते बाजार अशी छोटी छोटी भाडी, दर वेळी सेल्फ, आणि मधल्या अंतरात बॅटरी भरून निघत नाही. त्यात धंद्याचा दिवस बुडतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक घाईत असतं, आणि त्या घाईचाच गैरफायदा घेतला जातो.

‘मोटर गेली पात्रांव’ हे पटवण्याच्या ठरलेल्या रीती आहेत, त्या ओळखून ठेवा.

पहिली रीत स्क्रूड्रायव्हरची. रिलेच्या दोन जाड बोल्टांवर तो आडवा टाकतात, ठिणगी उडते, मोटर फिरत नाही, की निकाल जाहीर. प्रत्यक्षात यातून फक्त एवढंच कळतं की दोष एकट्या रिलेचा नाही. बॅटरी उतरलेली असली किंवा अर्थ खराब असली तरी हेच दिसणार.

दुसरी रीत जास्त वाईट, कारण तिच्यात मीटर वापरलेला असतो. मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर (दोन टोकांमध्ये वाट सलग असली की वाजतो ती) ठेवून एक टोक मोटरच्या टर्मिनलला, दुसरं मोटरच्या अंगाला लावतात. मीटर वाजतो. ‘बघा, आतून शॉर्ट!’ पण चांगली मोटरही इथे वाजतेच. एक कार्बन (फिरणाऱ्या भागाला घासून वीज देणारा तुकडा) तिच्या अंगालाच जोडलेला असतो आणि आर्मेचरचा, म्हणजे त्या फिरणाऱ्या भागाचा, रोध ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो. खरी तपासणी मोटर उघडून, आर्मेचर बाहेर काढून होते: कम्युटेटरची (कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या गोलाची) कुठलीही पट्टी आणि मधला दांडा यांच्यामध्ये मीटर वाजता कामा नये. आर्मेचर नसताना टर्मिनलकडचा कार्बन आणि झाकण यांच्यातही वाजता कामा नये. हे दोन्ही न करता ‘शॉर्ट’ म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.

तिसरी रीत हॉर्नची. ‘हॉर्न जोरात वाजतोय, म्हणजे बॅटरी ठीक.’ हॉर्नला दोन-तीन अँपिअर पुरतात, सेल्फ पन्नासच्या पुढे ओढतो. याच कारणाने आवाजाच्या खुणेवर वायर ‘चांगली’ दिसते. अर्थच्या जोडात ०.०२ ओहम रोध असला तर मीटर बेलाशक वाजेल, पण ६० अँपिअरला तिथेच १.२ व्होल्ट खर्ची पडतील. म्हणून जाड वायरी तपासायच्या त्या बटण दाबून, भार असताना.

साधा डिजिटल मीटर पुरेसा आहे. खूण २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. बटण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. मीटर अँपिअरच्या खुणेवर ठेवून सेल्फच्या वायरीत कधीही घालू नका, मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल.

आधी बॅटरी, गाडी काही तास उभी राहिल्यावर. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली. १२.२ च्या खाली असेल तर दुसरं काहीही तपासू नका. नऊ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ०.९ अँपिअरवर रात्रभर भरा, मग सुरुवात करा.

आता बटण दाबून तेच माप पुन्हा घ्या, आणि टोकं बोल्टवर नाही, बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेका. इथेच बहुतेक निवाडा होतो. आकडा आठ किंवा त्याखाली कोसळला तर संशय बॅटरीवर. आकडा साडेबारालाच चिकटून राहिला आणि काही फिरत नाही, तर मोटरमधून वीज वाहतच नाही: रिले, वायर, अर्थ किंवा झिजलेले कार्बन. भरलेली, चांगली बॅटरी नऊ-दहावर आली आणि तरी इंजिन हलत नाही, तर वीज जाते आहे पण मोटर किंवा इंजिन अडकलं आहे. मोटर खरोखर आतून शॉर्ट असली तरी असंच दिसतं.

मग अर्थ. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल टोक मोटरजवळ इंजिनच्या उघड्या धातूवर. बटण दाबल्यावर ०.२ पर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेलं तर अर्थची वायर काढा. फक्त बोल्ट घासून भागत नाही. लगच्या मागची नळी कापून आत बघा, तांबं काळं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे घ्या किंवा वायरच बदला. जोडल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

रिलेच्या दोन जाड बोल्टांवर टोकं ठेवली की एरवी बॅटरीचा आकडा दिसतो. बटण दाबल्यावर तो जवळपास शून्यावर, ०.३ च्या आत यायला हवा. टिक वाजून आकडा बारालाच राहिला तर आतले पॉइंट जळलेत, रिलेच बदलायचा. टिकच वाजत नसेल तर मोटरचं नावसुद्धा काढू नये. फ्यूज, न्यूट्रलचा आणि क्लचचा स्विच, असल्यास साइड स्टँडचा, आणि हँडलवरचं बटण. आपल्याकडे या बटणाचे पॉइंट हिरवे पडलेले हमखास सापडतात.

मोटर घुंई करून मोकळी फिरते आणि इंजिन फिरत नाही, हा तर विजेचा दोषच नव्हे. वन-वे क्लच (मोटरचं फिरणं एकाच दिशेने इंजिनला देणारा भाग) किंवा त्याचे गिअर बघा.

मोटरच्या टर्मिनलवर, तिच्या अंगाच्या हिशेबाने, बटण दाबल्यावर बॅटरीच्या खांबांवर दिसतात जवळपास तेवढेच व्होल्ट येतात आणि ती हलत नाही, तेव्हाच ती काढायची. तेव्हाही आधी कार्बन बघा. ते झिजून स्प्रिंग सैल झाली असेल तर कार्बनचा संच मोटरच्या किमतीच्या लहानशा भागात येतो. आत इंजिन ऑइल आलं असेल तर ओ-रिंग आणि सील बदलल्याशिवाय नवे कार्बनही टिकणार नाहीत.

गाडी सोडण्यापूर्वी मोटर, रिले आणि बॅटरीवर रंगाचा ठिपका द्या, फोटो काढा. बदललेला भाग परत हवा, हे आधीच सांगा. तो ‘भंगारात’ गेला म्हणतात तेव्हा कधीकधी नवे कार्बन घालून, रंग मारून तोच पुढच्या गिऱ्हाइकाला नवा म्हणून बसतो. बिल छापील घ्या, त्यावर भागांची नावं वेगवेगळी हवीत. फसवलं गेल्याचं लक्षात आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीसोबत बिल, ठिपक्याचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिककडून घेतलेली मापं लेखी जोडा.