झूम एच१एन: बेस वाजवताना झालेली चूक खरंच किती ऐकू जाते?

मी बँडमध्ये बेस गिटार वाजवते. आवाज टिपणारा हा छोटा रेकॉर्डर मी तालमींसाठी घेतला होता. कार्यक्रमात पहिल्यांदा लावला, त्याच संध्याकाळी चौथ्या गाण्यात मी हरवले. दुसरं कडवं संपलं आणि पुढे धृपद आहे की गिटारचा तुकडा, काही केल्या आठवेना. बोटं थांबली. कार्यक्रमानंतर ड्रमरला म्हटलं, "अर्धा मिनिट तरी गेलं रे माझं." तो म्हणाला, "मला वाटलं, तू मुद्दाम जागा सोडलीस." तो माझी समजूत काढतोय असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडफोन लावून ऐकलं. गाण्याची लय मिनिटाला १२० मात्रांची, म्हणजे चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांचा. मी गप्प होते ते तीन बार. सहा सेकंद! त्यातले पहिले दोन बार खरोखरच ठरवून सोडल्यासारखे वाटत होते, कारण किक (ड्रमर पायाने वाजवतो तो मोठा ड्रम) आणि गिटार जागच्या जागी होते. वाईट वाटलं ते त्यानंतरचं. घाईघाईत मी तिसऱ्या मात्रेवर आत घुसले होते, पहिलाच सूर बाकी सगळ्यांपेक्षा मोठा होता आणि पुढचे आठ बार मी किकच्या पुढे पुढे धावत होते. चूक सहा सेकंदांची आणि तिची धास्ती सोळा सेकंदांची. हे मला कुणी सांगून पटलं नसतं.

आता यंत्राबद्दल. एच१एन २०१८ साली आला, २०१०च्या एच१चा धाकटा भाऊ. वर दोन माइक ९० अंशांच्या कोनात बसवलेले, आत दोन ट्रिपल-ए सेल, छोटं मायक्रोएसडी कार्ड. सेल साधारण दहा तास चालतात असं कंपनी सांगते. मी तरीही प्रत्येक कार्यक्रमाला नवे घालते. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सीडीच्या दर्जात, दोन तासांचा कार्यक्रम सव्वा जीबीच्या आसपास बसतो, त्यामुळे ३२ जीबीचं कार्ड बराच काळ पुरतं. यंत्र २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत जातं, पण चुका शोधायला तेवढ्याची गरज नाही.

बेसवाल्यांनी दोन बटणांकडे नीट लक्ष द्यावं. लो-कट बंद हवंच. आपली सगळ्यात जाड ई तार ४१ हर्ट्झला वाजते आणि लो-कटचं कामच खालचं कापणं आहे. ते चालू राहिलं तर आपल्या आवाजाचा पायाच निघून जातो. ऑटो लेव्हलही बंद. ते चालू असलं की हळू जागा आपोआप मोठ्या होतात आणि मोठ्या जागा दबतात, मग चुकीनंतर आपण जोरात आपटलो का, हे कळायचा मार्गच उरत नाही. लेव्हल हाताने लावा, सगळ्यात मोठ्या गाण्यात शिखर -१२ डेसिबलच्या आसपास राहील अशी. लिमिटर, म्हणजे अचानक आलेला मोठा आवाज फाटू न देणारी सोय, मात्र चालू असू द्या. रेकॉर्डर खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका, तिथे खालचे सूर फुगतात. पाठीमागे स्टँडसाठी आटे आहेत, ते वापरा. हातात धरला तर बोटांची प्रत्येक हालचाल रेकॉर्ड होते.

मला सर्वांत उपयोगी पडलं ते ए-बी रिपीट (दोन खुणांमधला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणं) आणि वेग कमी करण्याची सोय. वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो. दहा सेकंदांचा तुकडा अडकवून मी अर्ध्या वेगाने पुन्हा पुन्हा ऐकते आणि वहीत लिहिते: मिनिट, सेकंद, काय चुकलं, पुढे मी काय केलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

या वहीतून जे दिसलं ते असं. चुकलेल्या सुरांपैकी बरेचसे मलाच शोधावे लागले. गिटारवर सी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजत असताना माझ्याकडून ए लागला, तर कानाला तो ए मायनर सेव्हन वाटतो. ई लागला तर तोच कॉर्ड जरा अधांतरी उभा राहतो, एवढंच. बेसचा सूर कॉर्डचं नावच बदलून टाकतो, म्हणून तो चुकूनही बरोबर ठरू शकतो. खरा टोचतो तो एका फ्रेटने (तारेखालच्या एका पट्टीने) हुकलेला सूर, सीच्या जागी सी शार्प. पण बरोबर सूर तिथून एकाच फ्रेटवर असतो. हात न उचलता सरकलं की ते घसरणं गाण्यात खपून जातं. मी पूर्वी बोट उचलून, थांबून, नीट सूर 'पुन्हा' वाजवायचे. रेकॉर्डिंगमध्ये चुकीपेक्षा ती दुरुस्तीच जास्त ऐकू यायची, कारण तिने एक मात्रा खाल्लेली असायची.

सूर हुकला तर चालतं, मात्रा हुकली तर सगळा बँड डगमगतो. म्हणून सूर आठवेना तर मी आता डाव्या हाताने तारा झाकून उजव्या हाताने वाजवत राहते. नुसता ठक-ठक आवाज येतो, पण किकशी जोडलेला. आणि पूर्णच हरवले, तर गप्प राहून समेची, म्हणजे बारच्या पहिल्या मात्रेची, वाट बघते. आपल्याकडे गाणारे, वाजवणारे सम गाठण्याला एवढं का जपतात, ते मला या सहा सेकंदांनी शिकवलं. मधल्याच मात्रेवर बरोबर सूर घेऊन येण्यापेक्षा समेवर साधा मूळ सूर घेऊन आलेलं कितीतरी चांगलं ऐकू येतं. हे सगळं तालमीत मुद्दाम करून बघा: एकाने मध्येच तुमचा हात अडवायचा आणि तुम्ही पुढच्या समेवर परत यायचं.

काही मर्यादा सांगायलाच हव्यात. हा रेकॉर्डर खोली ऐकतो, तुमचा बेस वेगळा काढून देत नाही. मिक्सरमधून वायर जोडता येते, पण मग त्याचे स्वतःचे माइक बंद होतात आणि छोट्या जागेत त्या वायरीतून गाणाऱ्याचा आवाज भरपूर आणि बेस अगदी पुसट येतो, कारण बेस ॲम्पमधूनच पुरेसा वाजत असतो. मी तरी माइकच वापरते. फक्त स्वतःचे सूर तपासायचे असतील तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही; बँडमध्ये तुमची चूक कशी ऐकू जाते हे कळून घ्यायचं असेल तर जरूर घ्या.

आणि त्यात डोळे येत नाहीत. परवाच्या कार्यक्रमात मी पुन्हा हरवले, तेव्हा ड्रमरने मान वर केली, मी त्याच्या क्रॅशबरोबर (मोठ्या झांजेच्या ठोक्याबरोबर) आत आले. रेकॉर्डिंगमध्ये फक्त क्रॅश आहे. तेव्हापासून मी त्याच्या हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या जोडझांजेच्या) बाजूला, त्याचा चेहरा दिसेल अशी उभी राहते.