फाइलझिला आणि विनएससीपी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फाइलझिला आणि विनएससीपी ही आपल्या संगणकावरून वेबसाइटच्या सर्व्हरवर फाइली चढवणारी सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही वीस वर्षांहून जुनी. फाइली पाठवण्याच्या एफटीपी, एफटीपीएस, एसएफटीपी या तिन्ही पद्धती दोघांनाही येतात, त्यामुळे सुविधांची यादी इथे देत नाही. साइट चालू असताना अपलोड मध्येच तुटलं तर सर्व्हरवर काय उरतं? हा सगळा अनुभव त्या एका प्रश्नाभोवतीचा आहे, कारण रोजच्या कामात नुकसान होतं ते तिथेच.

फाइलझिला ज्या नावाची फाइल पाठवायची, थेट त्याच नावावर लिहायला घेतं. सर्व्हरला लिहिण्याचा आदेश पोचला की जुनी फाइल तत्क्षणी रिकामी होते आणि नवा मजकूर तुकड्यातुकड्याने येत राहतो. तेवढ्यात कुणी पान उघडलं तर अर्धी पीएचपी (साइट चालवणाऱ्या कोडची फाइल) चालवली जाते आणि ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल’ येतं. साइट बनवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्याऐवजी ‘क्रिटिकल एरर’ची पाटी दिसते. मोबाइल हॉटस्पॉटवर नेट गेलं तर फाइलझिला मूळ सेटिंगप्रमाणे २० सेकंद वाट बघतं, मग पुन्हा जोडायला जातं. तेवढा वेळ साइट अर्ध्या फाइलीवर उभी. होस्टिंगचा डिस्क कोटा भरलेला असेल तर त्याहून वाईट: जुनी फाइल रिकामी झालेली, नवीला जागा नाही, आणि थीमची (साइटच्या साच्याची) मुख्य कोड-फाइल फंक्शन्स डॉट पीएचपी ० बाइटची. ‘फेल्ड ट्रान्सफर्स’ या टॅबमध्ये नोंद राहते, राइट क्लिक करून सगळं पुन्हा रांगेत लावता येतं, ही सोय चांगलीच आहे. पण जुनी फाइल तोवर गेलेली असते.

पीएचपी बनवणाऱ्यांनाही हा धोका ठाऊक आहे. ओपकॅशमध्ये, म्हणजे पीएचपीचा तयार कोड मेमरीत साठवून ठेवणाऱ्या भागात, ‘फाइल अपडेट प्रोटेक्शन’ नावाचं सेटिंग आहे, मूळ मूल्य २ सेकंद. त्याहून ताजी फाइल ओपकॅश साठवतच नाही, ती अर्धवट असू शकते म्हणून. अपलोड दोन सेकंदांहून जास्त अडकलं की ते कवचही संपलं.

विनएससीपी एसएफटीपीवर वेगळं वागतं. नवा मजकूर आधी ‘.फाइलपार्ट’ शेपटीच्या तात्पुरत्या नावाने चढवतं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ३०० केबीची एक सीएसएस (साइटच्या रंगरूपाची फाइल) घ्या, ट्रान्सफर सेटिंग्जमध्ये वेग १० केबी प्रति सेकंद करा आणि अपलोड सुरू करा. होस्टिंगचा फाइल मॅनेजर दुसऱ्या खिडकीत उघडा आणि दर पाच सेकंदांनी रिफ्रेश करा. स्टाइल डॉट सीएसएस जशीच्या तशी, जुन्या तारखेची, आणि तिच्याखाली फाइलपार्टचा आकार ५०, १०० असा वाढत जातो. अर्ध्या मिनिटाने खालची ओळ नाहीशी होते आणि वरच्या फाइलीची तारीख बदलते. वायफाय मध्येच बंद केलं तरी साइटला धक्का लागत नाही.

पहिल्या तीन महिन्यांनंतरचं मत होतं: विनएससीपीच घ्या, डोळे झाकून. ते आता दुरुस्त करावं लागतंय. ही युक्ती मूळ सेटिंगमध्ये फक्त १०० केबीहून मोठ्या फाइलींना लागू होते. थीमच्या पीएचपी फाइली असतात ५, १२, ४० केबीच्या. म्हणजे ज्यांच्या अर्धवट असण्याने साइट पडते, नेमक्या त्याच उघड्यावर! ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ट्रान्सफर, एन्ड्युरन्स या वाटेने जाऊन तिथे ‘ऑल फाइल्स’ निवडल्याशिवाय हे सॉफ्टवेअर वापरूच नका.

दुसरा काटा जास्त खोल आहे. अपलोड तुटलं की फाइलपार्ट सर्व्हरवर पडून राहते. डब्ल्यूपी-कॉन्फिगची, म्हणजे वर्डप्रेसच्या मुख्य सेटिंग्जच्या फाइलीची, तशी प्रत राहिली तर तिचं शेपूट आता पीएचपीचं नाही. अनेक सर्व्हर ती न चालवता साधा मजकूर म्हणून दाखवून टाकतात, आणि त्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो. त्यामुळे एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलीत ‘.फाइलपार्ट’ने संपणाऱ्या प्रत्येक नावाला मनाई घालायची. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते पहिल्याच दिवशी व्हायला हवं.

आता राग कशाचा, तर ही सगळी सुरक्षा एसएफटीपीवर अवलंबून आहे. एसएफटीपी चालतं एसएसएच या सुरक्षित जोडणीवर, आणि अनेक स्वस्त प्लॅनवर ती मिळत नाही, ‘वरचा प्लॅन घ्या’ असं उत्तर येतं. पूर्ण अपलोड होण्याच्या साध्या खात्रीसाठी ग्राहकाने वर्षाला जास्त पैसे मोजायचे, हे पटण्यासारखं नाही. एफटीपीवरच राहायचं असेल तर सायबरडक बघा, त्यात तात्पुरत्या नावाने चढवण्याचा पर्याय आहे. लिनक्सवर एलएफटीपीमध्येही तो आहे, पण मुद्दाम चालू करावा लागतो. फाइलझिलाच हवं असेल तर फाइल ‘.न्यू’ जोडून चढवा, आकार ताडून बघा आणि मग नाव बदला. तीनचार फाइलींपुरतं हे जमतं. एसएसएच मिळत असेल आणि कमांड लाइनची भीती नसेल तर आरसिंक हे फाइली पाठवणारं साधन मुळातच लपलेल्या तात्पुरत्या फाइलीत लिहून नंतर नाव बदलतं, मात्र ‘इनप्लेस’ हा पर्याय लावायचा नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. आख्खं वर्डप्रेस म्हणजे हजारो बारीक फाइली, आणि एफटीपी प्रत्येक फाइलीसाठी वेगळं डेटा कनेक्शन उघडतं. फाइलझिलात एका वेळी दोनऐवजी दहा ट्रान्सफर करता येतात, पण अनेक होस्ट एका आयपीला आठच जोडण्या देतात आणि ४२१ चा नकार येतो. चारवर ठेवा. त्याहून झिप चढवून फाइल मॅनेजरमध्ये उघडणं कितीतरी जलद.

पासवर्ड दोघांतही मास्टर पासवर्ड लावूनच साठवा. फाइलझिला त्याशिवाय ते बेस६४ मध्ये ठेवतं, म्हणजे कुणालाही वाचता येतील असे.

आणि एक क्रम. तात्पुरतं नाव एका फाइलीला वाचवतं, दहा फाइलींच्या बदलाला नाही. आधी चित्रं, सीएसएस आणि जेएस (जावास्क्रिप्ट), मग नव्या पीएचपी फाइली, आणि त्यांना बोलावणारी फंक्शन्स डॉट पीएचपी सगळ्यांत शेवटी, एकटी.