घरकामाला हातोडी घेताय? ४५० ग्रॅमची घ्या, आणि आधी दांडा बघा

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. घरात एकच हातोडी ठेवायची असेल तर ४५० ग्रॅमची क्लॉ हॅमर घ्या, म्हणजे पुढून ठोकायचं तोंड आणि मागे खिळा उपटायचे दोन दात असलेली, नावाजलेल्या कंपनीची, साधारण चार-पाचशे रुपयांत बसते, आणि शक्य असेल तर हार्डवेअरच्या दुकानात जाऊन हातात धरून घ्या. मी पुण्यात राहते, घरातली ठोकाठोकीची बहुतेक कामं स्वतःच करते, माहेर कोकणात, तिथे तर लाकडाचं काही ना काही निघतच असतं, त्यामुळे बऱ्याच प्रकारच्या हातोड्या वापरून झाल्यात आणि आता मत पक्कं झालंय.

ऑनलाइन शोधायला गेलं की 'फ्रेमिंग हॅमर' म्हणून एक महागडा प्रकार सारखा समोर येतो आणि लोकांना वाटतं की भारी आहे म्हणजे तीच चांगली. ती हातोडी खरंच चांगली असते पण तिचं काम वेगळं आहे. अमेरिकेत घराचा सांगाडाच लाकडाचा उभा करतात, दोन बाय चारचे वासे मोठमोठ्या खिळ्यांनी एकमेकांना जोडत जायचे, दिवसभर तेच, म्हणून तिकडचे सुतार २० ते ३२ औंसांची म्हणजे जवळपास ५७० ते ९०० ग्रॅमची हातोडी घेतात, दांडा १६ ते १८ इंच लांब, मागचे दात सरळ असतात म्हणजे दोन फळ्यांच्या फटीत घालून उचकटता येतं, आणि तोंडावर चौकटी चौकटींची खरखरीत जाळी असते म्हणजे खिळ्याच्या माथ्यावरून घाव घसरत नाही. आता आपल्याकडे भिंत विटांची नाहीतर ब्लॉकची, कॉलम-बीम आरसीसीचे. इथे ती लांब जड हातोडी घेऊन फ्लॅटमध्ये फोटोचा खिळा ठोकायला गेलात तर प्लास्टरचा पोपडा निघेल, आणि ती जाळी लाकडावर उमटते ती वेगळीच, पलंगाच्या फळीवर किंवा दाराच्या पट्टीवर तसे डाग कोणाला हवेत.

आपली कामं कोणती ते बघा ना. घड्याळ, फोटो, कॅलेंडरचा खिळा, माळ्यावरची फळी, निखळलेली खुर्ची, गणपतीच्या मखराची चौकट, दिवाळीत कंदिलासाठी हूक, हापूसची लाकडी पेटी उघडायची (यात मागच्या दातांचा जेवढा उपयोग होतो तेवढा वर्षभरात कशात होत नाही), जुन्या सामानातले गंजके खिळे काढायचे. याला ४५० ग्रॅम म्हणजे १६ औंस पुरेसं आहे. ३४० ग्रॅमची पण मिळते, छोटे चुके आणि हलकी कामं असतील किंवा मनगट दुखत असेल, घरातल्या वयस्कर माणसाला वापरायची असेल तर ती घ्या, पण तीन इंची खिळा जाड लाकडात घालायचा म्हटलं की तिने फार ठोकत बसावं लागतं. ५७० ची मी स्वतः वापरलीय, घाव दणदणीत बसतो, पण डोक्याच्या वर हात करून चार खिळे मारले की खांदा भरून येतो, आणि हात थकला की नेम चुकतो आणि नेम चुकला की बोट. वजन जास्त म्हणजे घाव जोरात हे अर्धंच खरं आहे, कारण घावाची ताकद वजनापेक्षा वेगावर जास्त ठरते, वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, आणि हलकी हातोडी माणूस जास्त वेगात फिरवू शकतो. फक्त दांडा टोकाशी धरा. बरेच जण हातोडीच्या डोक्याजवळ, म्हणजे लोखंडी भागाजवळ धरून टुक टुक करतात, मग एवढा लांब दांडा दिलाय कशाला.

आता मुख्य गोष्ट, दांडा आणि डोक्याचा जोड. हातोडी वाया जाते ती नव्वद टक्के वेळा इथेच आणि गिऱ्हाईक बघत असतो रंग आणि रबराची ग्रिप. डोकं निसटायचा त्रास फार जुना आहे, न्यूयॉर्क राज्यात नॉर्विच गावी डेव्हिड मेडोल नावाचा लोहार होता, त्याने १८४० च्या दशकात डोक्याचं भोक खाली गळ्यासारखं लांब वाढवलं, सुताराच्या वाकसाला असतं तसं, म्हणजे दांडा जास्त खोलवर धरला जातो आणि डोकं उडत नाही. आजही चांगल्या क्लॉ हॅमरला तो गळा दिसतो. स्वस्तातल्या हातोडीत बघा, डोक्याखाली गळा नावालाच असतो.

लाकडी दांडा असेल तर डोक्याच्या वरून बघायचं. पाचर दिसली पाहिजे, नीट आत गेलेली, आणि लाकूड आणि लोखंड यांच्यात फट नको, तिथे एम-सील किंवा जाड रंग भरलेला दिसला तर ठेवून द्या तिथेच. मग दांड्याच्या रेषा बघा, वरपासून खालपर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, मध्येच तिरक्या होऊन कडेने बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच मोडणार. गाठ असेल तरी नको. दांड्याच्या बुडाकडून बघितलं तर रेषा घावाच्या दिशेने, म्हणजे तोंडाकडून दाताकडे जाणाऱ्या हव्यात, आडव्या नकोत. दुकानदार वैतागतो, वैतागू दे, चार हातोड्या काढायला लावा.

लाकडी दांड्याचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे हाताला झटका कमी बसतो, आणि मोडला तर दांडा बदलता येतो, हातोडी टाकून द्यावी लागत नाही. पण आपल्या हवेत त्याला सांभाळावं लागतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, भोकात दाबलं जातं, एप्रिल-मे मध्ये सुकलं की आकसतं आणि डोकं हलायला लागतं. यावर घरोघरी एक उपाय करतात, हातोडी रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची. सकाळी एकदम घट्ट लागते खरी, पण ते लाकूड आत फुगून चिरडतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त ढिलं होतं, त्यात डोकं गंजतं. त्यापेक्षा हातोडी डोकं खाली करून हवेत धरा आणि दांड्याच्या बुडावर लाकडी ठोकळ्याने मारा, डोकं जड असल्यामुळे जागेवर राहतं आणि दांडा आत सरकतो, मग पाचर पुन्हा ठोकायची किंवा नवीन घालायची. वर्षातून एकदा दांड्याला जवसाचं तेल चोळलं की पाणी कमी पितो. ढिल्या डोक्याची हातोडी कृपा करून एक खिळासुद्धा मारायला वापरू नका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

ज्यांना एवढं सांभाळायचं नाही त्यांनी स्टीलचा किंवा फायबरग्लासचा दांडा घ्यावा. मी सध्या रोजच्या वापराला टापारियाची ४५० ग्रॅमची स्टील दांड्याची ठेवलीय. नाशिकची कंपनी आहे, १९६९ पासून हत्यारं बनवतेय, आणि पक्कड-पान्यांमुळे नाव सगळ्यांना माहीत आहेच. तोंडाची धार नीट मारलेली आहे, म्हणजे कडा किंचित उतरत्या केलेल्या, त्यामुळे घाव जरा तिरका बसला तरी लाकडावर चंद्रकोरीसारखी खूण कमी उमटते, तोंड मध्ये अगदी थोडं फुगीर, आणि जोड अजून तसूभर हललेला नाही. भरपूर ठोकून झालंय. झटका लाकडापेक्षा जास्त जाणवतो, हे स्टीलच्या दांड्याला असतंच. भावाकडे स्टॅनलीची फायबरग्लासची आहे, ती हाताला जास्त मऊ लागते, पाण्याची भीती नाही, कोकणातल्या दमट हवेत तीच बरी असं माझं मत झालंय, फक्त किंमत थोडी वर जाते आणि घाव चुकून दांड्याच्या गळ्यावर बसत राहिला तर फायबरचे तंतू सुटायला लागतात, ते दुरुस्त होत नाहीत. एस्टविंगबद्दल पण विचारतात लोक, १९२३ पासूनची अमेरिकन कंपनी, डोकं आणि दांडा एकाच स्टीलच्या तुकड्यातून घडवलेला, त्यामुळे डोकं उडायचा प्रश्नच मिटतो. सुंदर वस्तू आहे. पण आपल्याकडे ती काही हजारांत पडते, आणि ज्याचं पोट सुतारकामावर नाही त्याने एवढे पैसे घालू नयेत, त्यात ड्रिल मशिन येतं.

मागच्या दातांची परीक्षा फार कमी लोक करतात. दुकानातच एक बारीक चुका मागा आणि दातांच्या फटीत अडकवून बघा, फट आत निमुळती होत गेली पाहिजे आणि आतली कड धारदार पाहिजे, तरच माथा तुटलेला खिळासुद्धा पकडला जातो. स्वस्त हातोडीत ही फट जाड आणि गोल असते, मोठा खिळा निघतो पण बारीक नुसता घसरतो. आणि खिळा काढताना डोक्याखाली लाकडाचा तुकडा ठेवा, जोर कमी लागतो, खिळा सरळ वर येतो आणि खालची फळी दबत नाही.

लोखंडाबद्दल एवढंच की 'ड्रॉप फोर्ज्ड' लिहिलेलं असावं, म्हणजे तापवून ठोकून घडवलेलं. भारतीय मानक पण आहे, स्टीलच्या हातोड्यांना आयएस ८४१, खोक्यावर असेल तर चांगलंच. ओतीव लोखंडाची रंग फासलेली हातोडी शंभर-दीडशेत मिळते, आमच्याकडे एक बिननावाची होती तिच्या तोंडाचा टवका उडाला, सुदैवाने भिंतीकडे गेला. चांगल्या हातोडीचं तोंड मुद्दाम कडक केलेलं असतं, म्हणूनच एका हातोडीने दुसऱ्या हातोडीवर कधीच मारायचं नाही, कडकवर कडक आदळलं की कपची गोळीसारखी सुटते.

हेच भिंतीच्या काळ्या स्टीलच्या खिळ्यांबाबत. ते वाकत नाहीत, तुटून उडतात, आणि क्लॉ हॅमर मुळात साध्या खिळ्यांसाठी आहे. बहुतेक जण तिनेच मारतात हे मला माहीत आहे, पण निदान चष्मा लावा, वीस-तीस रुपयांचा प्लास्टिकचा मिळतो. आणि कॉलम किंवा बीमवर खिळा जात नसेल तर हातोडीला दोष देऊ नका, आरसीसीत तो जाणारच नाही, ड्रिल मारून प्लग आणि स्क्रू घाला. नवीन इमारतींत हलके पांढरट एएसी ब्लॉक असतात, तिथे उलट, खिळा लोण्यात गेल्यासारखा जातो पण वजन धरत नाही, आरसा किंवा शेल्फ असेल तर त्या ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मिळतात ते घ्या.

कुठून घ्यायची? पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, बाकी प्रत्येक तालुक्याच्या गावाला बाजारपेठेत एक तरी जुनं हार्डवेअरचं दुकान असतंच. भाव करा, थोडाफार कमी होतो. ऑनलाइन घेणार असाल तर ग्रॅम नीट वाचा, कारण काही जण डोक्याचं वजन न लिहिता दांड्यासकट सगळं वजन लिहितात आणि ४५० म्हणून आलेली हातोडी हातात खेळण्यासारखी लागते. डोक्यावर वजन कोरलेलं असतं, आल्या आल्या ते बघा आणि नसेल तर परत करा.

दुसरी हातोडी घ्यायची वेळ आली तर परत क्लॉ घेऊ नका. छिन्नीवर मारायला, प्लास्टर फोडायला गवंड्याची एक किलोची आखूड दांड्याची घ्या, आणि टाइल बसवायच्या असतील किंवा जोडायचं फर्निचर घरी येणार असेल तर रबरी हातोडी, तीही दोनशेच्या आसपास मिळते, काळ्या रबराची फिक्या लाकडावर डाग पाडते म्हणून पांढरी मागा.