न्यूयॉर्कला गेलेला आयरिश नातेवाईक शोधायचा, तर आधी कुठली दप्तरं उघडावीत?

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता आयरिश वंशाच्या सुना आणि जावई आहेत. नातवंडांची वंशावळ लिहायला बसलं की एका बाजूला गाव, कुलदैवत, मूळ पुरुष सगळं सापडतं आणि दुसरी बाजू ‘आयर्लंडहून न्यूयॉर्कला आले’ या एका वाक्यावर अडते. तिथून पुढे जाण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. सगळ्या एकदम धरल्या तर वेळ आणि वर्गणी दोन्ही वाया जातं, म्हणून कुठली वाट कोणाला उपयोगी पडते ते इथे मांडते. माझं मत आधीच सांगते: माणूस १९०७ च्या आधी गेला असेल, तर जहाज सगळ्यात शेवटी शोधा. तो न्यूयॉर्कमध्ये कुठे वारला, कुठे पुरला, लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं, इथून सुरुवात करा.

जहाजांच्या याद्या की शहराची दप्तरं?

एलिस आयलंडचं, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्राचं नाव सगळ्यांना माहीत असतं, म्हणून बहुतेकांचा हात आधी तिकडे जातो. पण एलिस आयलंड सुरू झालं १ जानेवारी १८९२ ला. त्याआधी १८५५ ते १८९० उतारू मॅनहॅटनमधल्या कॅसल गार्डन या केंद्रात उतरत. बटाट्याच्या दुष्काळात, म्हणजे १८४५ ते १८५२ या काळात, दहा लाखांहून जास्त माणसं आयर्लंड सोडून गेली. ती या दोन्हींच्याही आधीची. याद्या १८२० पासूनच्या मिळतात, पण जुन्या यादीत असतं काय? नाव, वय, धंदा आणि देश. देशाच्या रकान्यात ‘आयर्लंड’. वय अंदाजाने सांगितलेलं. मेरी सुलिव्हान, वय २०, मोलकरीण, अशी नोंद सापडली म्हणून ती आपलीच मेरी आहे हे त्या कागदावरून ठरवता येत नाही.

१९०७ पासून मात्र यादीचं रूपच बदललं. मायदेशातल्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता लिहिणं सुरू झालं. तुमचा माणूस त्यानंतर गेला असेल, तर यादीच आधी उघडा; आईचं किंवा भावाचं नाव पत्त्यासकट एका ओळीत मिळू शकतं. आणि ‘एलिस आयलंडच्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं’ ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट सोडून द्या. याद्या जहाज निघायच्या बंदरात तयार होत, एलिस आयलंडचा कारकून त्या फक्त पडताळून पाही.

जहाजापासून सुरुवात केली की वाट कशी चुकते, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एलिस आयलंडवर उतरलेल्या पहिल्याच मुलीचं आहे. ॲनी मूर ही कॉर्कची मुलगी दोन धाकट्या भावांबरोबर ‘नेवाडा’ जहाजाने आली. तिचं पुढे काय झालं, याचं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं: ती टेक्सासला गेली आणि १९२३ मध्ये ट्रामखाली सापडून वारली. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-अभ्यासिकेने दाखवून दिलं की टेक्सासची ॲनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली, वेगळीच बाई होती. खरी ॲनी मॅनहॅटन सोडून कुठे गेलीच नव्हती. जर्मन वंशाच्या, बेकरीत काम करणाऱ्या माणसाशी तिने लग्न केलं, १९२४ मध्ये ती वारली आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. हा उलगडा कशाने झाला? तिचा भाऊ फिलिप याच्या नागरिकत्वाच्या कागदाने आणि शहरातल्या नोंदींनी. जहाजाची यादी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, तिने काहीच सांगितलं नाही. मला या शोधातलं भावाचं पान फार महत्त्वाचं वाटतं. आपला माणूस अडला की त्याच्या भावंडांमागे जावं.

शहराची दप्तरं आता घरबसल्या बघता येतात. न्यूयॉर्कच्या महापालिका अभिलेखागाराने २०२२ मध्ये जुन्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या दाखल्यांची छायाचित्रं मोफत खुली केली. आधी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या मोफत संकेतस्थळाच्या सूचीत नाव शोधून दाखल्याचा क्रमांक घ्यावा, मग मूळ कागद उघडावा. सूचीवर थांबू नका. मूळ मृत्युदाखल्यावर आईवडिलांची नावं, पत्ता, शहरात किती वर्षं राहिला आणि दफनभूमी असं बरंच असतं. एक लक्षात ठेवा: मृत्यूच्या वेळी माहिती देणारा मुलगा, जावई किंवा शेजारी असतो, आणि त्याला आयर्लंडमधल्या आजीचं नाव माहीत असेलच असं नाही. लग्नाच्या दाखल्यावरची नावं नवरा-नवरीने स्वतः सांगितलेली असतात, शिवाय आईचं माहेरचं आडनावही तिथे मिळतं. दोन्हींत फरक दिसला तर मी लग्नाच्या दाखल्यावर विश्वास ठेवते. आणि ब्रुकलिन १८९८ पर्यंत वेगळं शहर होतं. मॅनहॅटनच्या नोंदींत माणूस ‘हरवला’ की पुष्कळदा तो नदीपलीकडे राहायला गेलेला असतो.

अमेरिकेची जनगणना यांच्या जोडीला वापरावी. १९०० च्या पानावर कुठल्या वर्षी आले ते आहे, आणि बायकांना किती मुलं झाली व किती हयात आहेत तेही. १८९० ची पानं मात्र बहुतेक सगळी गेली; वॉशिंग्टनच्या आगीने १९२१ मध्ये त्यांची वाट लावली.

चर्च आणि बँक: गावाचं नाव इथे मिळतं

सरकारी कागद बहुतेकदा ‘आयर्लंड’वर थांबतात. आपल्याला हवी असते काउंटी (जिल्हा), पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) आणि शक्य तर टाउनलँड, म्हणजे वाडीएवढी जागा. आयर्लंडमध्ये अशा साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत, त्यामुळे नुसत्या आडनावावर तिथे काही हाती लागत नाही.

१८५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये आयरिश स्थलांतरितांसाठी एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक निघाली. खातेदारांपैकी पुष्कळांना सही येत नसे. पैसे काढायला आलेला माणूस तोच आहे हे ओळखायचं कसं? म्हणून खातं उघडतानाच घरची माहिती वहीत लिहून घेत: राहायचा पत्ता, धंदा, जन्मगाव, कुठल्या जहाजाने कधी आला, आईबाप कोण, हयात आहेत की नाहीत, भाऊ-बहिणी किती आणि कुठे, नवरा किंवा बायको कोण. म्हणजे ज्या जहाजासाठी लोक महिनोन्महिने याद्या चाळतात, ते इथे दोन ओळींत लिहिलेलं असू शकतं. मूळ वह्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत, छायाचित्रं ॲन्सेस्ट्री या वर्गणी घेणाऱ्या वंशावळीच्या संकेतस्थळावर. वर्गणी भरण्याआधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा. अमेरिकेतल्या अनेक वाचनालयांत ॲन्सेस्ट्री फुकट बघता येतं.

बायकांचा शोध घेणाऱ्यांनी तर बँक आणि चर्चच आधी धरावं. आयर्लंडहून एकट्या आलेल्या तरुण मुली खूप होत्या, बहुतेक घरकामाला लागल्या. पण १९२२ पर्यंत लग्न झालेल्या बाईचं नागरिकत्व नवऱ्याबरोबर जाई, त्यामुळे तिच्या नावाचे नागरिकत्वाचे कागद सहसा नसतातच. पुरुषांचेही १९०६ च्या आधीचे कागद बहुतेक कोरडे असतात. त्यानंतरच्या अर्जांत जन्मगाव आणि जहाज येतं.

चर्चच्या नोंदीत पालकांइतकंच लक्ष बाप्तिस्म्याच्या गॉडपेरेंटकडे (धर्मपिता-धर्ममातेकडे) आणि लग्नाच्या साक्षीदारांकडे द्या. ही माणसं बहुधा भावंडं किंवा गावकरी असत. आयर्लंडच्या केरी काउंटीतल्या केनमेअर भागात लॅन्सडाउन इस्टेटीच्या कारभाऱ्याने १८५१ मध्ये गरीब कुळांची जहाजाची भाडी भरून त्यांना अमेरिकेला धाडलं. त्यांतले अनेक जण मॅनहॅटनच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत एकमेकांच्या शेजारी राहिले. अशा वेळी साक्षीदाराचं गाव सापडलं की आपल्याचंही सापडण्याची शक्यता मोठी.

डीएनए चाचणी

कागद संपले की डीएनए, असं म्हणतात. मी म्हणेन, कागदांबरोबर डीएनए, पण कागदांऐवजी नाही. पणजोबा एक असलेल्या नातेवाइकांत जुळणी जवळजवळ नेहमीच दिसते, खापरपणजोबा एक असतील तर साधारण नव्वद टक्के वेळा, आणि आणखी एक पिढी मागे गेलं की निम्म्याच वेळा. म्हणून एकच चाचणी परवडत असेल तर ती घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची करा, नातवंडाची नको. ‘इतके टक्के आयरिश’ हा आकडा शोधाला काही कामाचा नाही. जुळलेल्या माणसांची यादी कामाची. आणि चाचणीआधी घरच्यांशी बोलून घ्या. दत्तक किंवा लपवलेलं बाळ अशा गोष्टी यात उघड होतात, आणि त्या ऐकायची तयारी सगळ्यांची नसते.

आयर्लंडची दप्तरं कधी उघडावी?

आईवडिलांची नावं आणि निदान काउंटी हाती आल्यावर. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार यादवी युद्धात उद्ध्वस्त झालं आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली जनगणना जवळजवळ सगळी जळाली. पूर्ण राहिलेल्यांत सगळ्यात जुनी १९०१ ची, मग १९११ ची. दोन्ही मोफत बघता येतात, आणि मागे राहिलेली भावंडं शोधायला उत्तम. कॅथलिक पॅरिशच्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये मोफत ठेवल्या, साधारण १८८० पर्यंतच्या. पण त्यांत पॅरिश माहीत असेल तरच शोधता येतं. सगळ्यांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासूनची. दुष्काळानंतर जमीन कोणाकडे होती ते ग्रिफिथच्या मूल्यांकनात, म्हणजे करासाठी केलेल्या जमीन-घरांच्या पाहणीत मिळतं, तेही फुकट. म्हणजे आयर्लंडची बाजू स्वस्त आहे, पण न्यूयॉर्कचं काम झाल्याशिवाय ती बोलत नाही.

माणूस दुसऱ्या शहरात गेला असेल तर

बॉस्टनवाल्यांचं काम सोपं. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८४१ पासून जन्म, विवाह, मृत्यू नोंदवले. शिवाय ‘बॉस्टन पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती छापून येत. अमुक पॅरिशची, अमुक साली आलेली माझी बहीण कुठे आहे, अशा. बॉस्टन कॉलेजने त्या शोधता येतील अशा मोफत ठेवल्या आहेत आणि त्यांत बॉस्टनबाहेरची माणसंही आहेत, म्हणून न्यूयॉर्कवाल्यांनीही एकदा तिथे नाव टाकून बघावं. शिकागोचं उलट. १८७१ च्या आगीत तिथले आधीचे सरकारी दाखले जळाले, त्यामुळे त्याआधीच्या माणसासाठी चर्चच्या वह्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

पैसे देऊन व्यावसायिक संशोधक नेमायचा विचार असेल, तर तो न्यूयॉर्कच्या टप्प्यासाठी सहसा लागत नाही. ते काम चिकाटीने स्वतः होतं. पॅरिश कळली, पण त्याच नावाची दोन कुटुंबं शेजारच्या टाउनलँडमध्ये निघाली आणि कुठलं आपलं ते ठरत नाही, अशा वेळी मात्र त्या काउंटीची माहिती असलेल्या आयर्लंडमधल्या माणसाला पैसे द्यावेत, आणि सोबत आपल्याकडचे सगळे दाखले पाठवावेत, म्हणजे तेच शोधण्याचे पैसे पुन्हा पडत नाहीत.